शब्दसंपत्तीचे धनी

पुण्यात अप्पा बळवंत चौकात नॉर्मन लुईसचं 'वर्ड पॉवर मेड इझी' हमखास मिळतं. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवायचं हे पुस्तक १९४९ सालचं, पण मागणी काही म्हातारी होत नाही. कोणाकडची वापरलेली प्रत चाळून बघा: सुरुवातीला पेन्सिलीच्या रेघा, समासात बारीक अक्षरात मराठी अर्थ, पुढे सगळं कोरं करकरीत. सुरुवातीला माणसांचे स्वभाव आहेत, त्यामुळे 'मिसॅन्थ्रोप' म्हणजे माणूसघाणा आणि 'मिसॉगमिस्ट' म्हणजे लग्नाचा तिटकारा असलेला, हे आपल्या पोरांना तोंडपाठ. बँकेचा साधा अर्ज मात्र अजून शेजारच्या काकांकडून लिहून घ्यावा लागतो.

शिवाय नाम, विशेषण, क्रियाविशेषण अशी प्रत्येक शब्दाची जात लावायची. जात विचारण्यात आपण तसेही तरबेज! स्पर्धा परीक्षाही एवढंच मागते: समानार्थी कोणता, विरुद्धार्थी कोणता, एक गोल काळा करा. बोलून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. मग शब्द वहीतच सुखाने नांदतात. लुईस बिचारा शब्द मोठ्याने उच्चारा म्हणून सारखा सांगतो. पण अभ्यासिकेत शांतता राखायची असते ना!

तेव्हा आजचे नवे शब्द राहू द्या. कालचा एखादा कोणाशी तरी बोलताना वापरून बघा, चुकला तरी चालेल.