एकटीने जाण्यासाठी किती माणसे लागतात?

दादाच्या मुलीने, म्हणजे आमच्या भाचीने, येत्या डिसेंबरात पाठीवर सॅक टाकून अलिबागपासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने एसटीने जायचं ठरवलं आहे. एकटीने. हे जाहीर झाल्यापासून त्या घरात सात माणसं तिच्या एकटेपणाच्या तयारीला लागली आहेत. इतर कुटुंबांवरही असा प्रसंग येऊ शकतो, हे लक्षात घेऊन खालील सूचना निर्गमित करण्यात येत आहेत. प्रस्तुत लेखिकेने हयातभर सहकारी संस्थांचं लेखापरीक्षण केलेलं असल्याने भाषेत दोष आढळल्यास वाचकांनी नमुना 'ओ'मध्ये दोष दुरुस्ती अहवाल धाडू नये.

सूचना पहिली: घोषणा. ती रविवारी दुपारी, जेवणं उरकून वडील आडवे झाल्यावर करावी. उभ्या माणसाला येरझाऱ्या घालता येतात, आडव्याला आधी उठून बसावं लागतं आणि तेवढ्यात दोन वाक्यं बोलून होतात. "मैत्रिणी आहेत ना बरोबर?" या प्रश्नाला खोटं उत्तर देऊ नये. नैतिक कारण नाही, व्यावहारिक आहे. खोट्या मैत्रिणीलाही आई असते आणि वहिनी त्या आईचा नंबर मागते.

सूचना दुसरी: आपला माणूस. मराठी कुटुंबाच्या नकाशावर जिल्हे, तालुके नसतात, आपली माणसं असतात. भाचीने मार्ग सांगितला तसा दादाने कपाटातली जुनी डायरी काढली. अलिबागला आपले एक आहेत (दादाच्या वर्गमित्राचे साडू). मुरुडला आपले एक निवृत्त तलाठी आहेत. दापोलीला कृषी विद्यापीठात एक होते, ते आता नाहीत, पण त्यांचं घर आहे. आणि गुहागरला जे आपले आहेत, त्यांच्या मुलाचं स्थळ आपण माझ्यासाठी पाहिलं होतं आणि नाकारलं होतं. "ओळख ती ओळखच," दादा म्हणाला. या सर्वांना फोन झालेले आहेत. सर्वांनी "आमच्याकडेच उतरायचं" असं बजावलेलं आहे. एकटीने जायचं म्हणून निघालेल्या मुलीला आता चार ठिकाणी वांग्याचं भरीत खाऊन, लग्नाचं कधी करतेस हे ऐकून, नव्या सुनेने केलेलं घराचं नूतनीकरण बघून यायचं आहे.

यावर उपाय: सगळे नंबर विनयाने घ्यावेत आणि गावाच्या नावाने जपून ठेवावेत. मुक्काम कुठेच करू नये. एखाद्या घरी चहाला मात्र जावं. कारण आपल्या माणसाचा एक उपयोग खरोखर असतो. शेवटची गाडी किती वाजता, आणि आज कुणाच्या खाणावळीत चूल पेटली आहे, हे फोनमधल्या नकाशापेक्षा त्याला जास्त कळतं.

सूचना तिसरी: सॅक. ही मी स्वतः तपासली. पद्धत सोपी आहे. वजनकाट्यावर आधी सॅकसह उभं राहायचं, मग सॅकशिवाय, आणि वजाबाकी करायची. भाची बावन्न किलो, सॅक चौदा. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर भार गेला की चालणं ही शिक्षा होते. आणि दिवसातून चार वेळा बसमध्ये, रिक्षात, बोटीत चढ-उतार करायची असेल तर दहाव्या हिश्शाच्या आसपास राहिलेलं बरं. तेव्हा एकेक नोंद तपासायला घेतली.

खाद्यपदार्थ या शीर्षाखाली पुढील बाबी आढळल्या: तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, चिवडा, मेतकूट, आणि मेतकुटाबरोबर खायला शिजवता यावेत म्हणून कच्चे तांदूळ. हे सर्व स्टीलच्या डब्यांत. डबेच दोन किलोंचे. वहिनीला विचारणा केली असता "वाटेत काही मिळालं नाही तर?" असा लेखी नव्हे पण ठाम खुलासा प्राप्त झाला. वाट कोकणातून जाते, वाळवंटातून नाही, हे निदर्शनास आणून दिलं. तडजोड म्हणून पुऱ्या ठेवल्या, कापडात बांधून. त्या पहिल्याच दिवशी पेणच्या अलीकडे संपतील.

कपडे: तीन जोड पुरतात. एक अंगावर, एक वाळत, एक कोरडा. जीन्स घेऊ नये. जीन्स धुतली की समुद्राच्या दमट हवेत दोन दिवस वाळत नाही आणि ओली उचलली तर तिचं वजन मेतकुटाच्या डब्याला लाजवतं. जड वस्तू पाठीला लगटून, मध्यावर ठेवायच्या. तळाशी नाहीत आणि बाहेरच्या कप्प्यात तर मुळीच नाहीत, नाहीतर सॅक माणसाला मागे ओढते. कमरेचा पट्टा शोभेसाठी नसतो. तो कमरेच्या हाडांवर घट्ट बसला म्हणजे खांदे मोकळे राहतात. दुकानातला मुलगा हे सांगत नाही. तो रंग कुठला हवा ते विचारतो.

नवे बूट घालून निघू नये.

सूचना पाचवी: दोरी. (चौथी सूचना छत्रीबाबत होती, वहिनी वाचणार असल्याने ती मागे घेण्यात आली आहे.) प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, जो प्रवासाला निघालेल्याला म्हणतो, "दोरी घेतलीस का?" आमच्याकडे तो दादा आहे. दहा मीटर नायलॉनची, निळी. कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, "असावी." आणखी विचारल्यावर म्हणाला, "अगं, दोरी कधी लागेल सांगता येतं का?" दोरीबरोबर साखळी आली, साखळीबरोबर कुलूप, कुलपाच्या दोन किल्ल्या आणि त्या दोन किल्ल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवण्याबाबतची सूचना. शिवाय आधार कार्डाच्या झेरॉक्सच्या तीन प्रती, एक प्रत सॅकमध्ये, एक पर्समध्ये आणि एक घरी, दादाच्या उशाखाली. हा माणूस आयुष्यात एकटा फक्त केस कापायला गेलेला आहे.

दोरीचा उपयोग ओले कपडे वाळत घालायला होतो. खोलीत खिळा नसला तर खिडकीच्या गजाला एक टोक, दाराच्या कडीला दुसरं, आणि चिमट्यांऐवजी सेफ्टी पिना. तेव्हा दोरी घ्यावीच. फक्त हे दादाला कळू देऊ नये, नाहीतर वीस मीटर येईल.

आता थोडं विषयांतर. मी नोकरीत असताना याच रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत एसटीने फिरत होते. पहाटेची गाडी, मांडीवर वह्यांचं बाड, संस्थेच्या सचिवाच्या घरी मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढचं गाव. तेव्हा मला कोणी दोरी दिली नाही. तिन्हीसांजेला अनोळखी स्टँडवर उतरताना दादाने डायरी उघडली नाही, वहिनीने मेतकूट बांधलं नाही, आणि त्यांचं काही चुकलंही नाही, कारण त्याला दौरा म्हणत. दौऱ्याला आदेश असतो, भत्ता असतो, बिल असतं. बाई कामाला एकटी गेली की ती कर्तबगार. तीच बाई, तीच गाडी, तोच स्टँड, आणि कारण विचारल्यावर ती म्हणाली "सहज, समुद्र बघायला", की घरात समिती बसते. समुद्र बघायला एकटं कशाला जायचं, समुद्र तर सगळ्यांना सारखाच दिसतो, हा दादाचा युक्तिवाद आहे. भाचीला मी सुचवलं की तूही आदेश काढ, जावक क्रमांक टाक, "किनारपट्टीची प्रत्यक्ष पाहणी" असं लिही. ती हसली आणि म्हणाली, "आत्या, मी सहजच जाणार." मला बरं वाटलं. असो.

सूचना सहावी: खाड्या. नकाशावर किनारा सलग दिसतो, प्रत्यक्षात तो खाड्यांनी तोडलेला आहे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा चार ठिकाणी फेरीबोट पकडायची. राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, असा तो क्रम. गाडी एका तीरावर सोडते, बोट पलीकडे नेते, आणि पलीकडची गाडी आपल्यासाठी थांबेल असं समजू नये. तिथे मिनीडोर किंवा सहा आसनी रिक्षा उभी असते, ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि ती भरायला लागणारी शेवटची बाई अजून मासळीचे पैसे मोजत असते. दिवसाला एकच खाडी ओलांडायची. दोन ठरवल्या की दिवस घड्याळाकडे बघण्यात जातो.

लहान गावात वस्तीची गाडी असते. रात्री शेवटची येते, तिथेच झोपते आणि पहाटे पहिली निघते. ती कधी सुटणार हे फलकावर शोधू नये. संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर टेकलेल्या चालकालाच विचारावं. तो मिनिटासकट सांगतो, आणि चेहरा लक्षात राहिला तर दोन मिनिटं थांबतोसुद्धा.

तिकिटाबाबत: १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पासही मिळतो, पण तो रोज लांबचा पल्ला मारणाऱ्याला परवडतो. रमतगमत जाणारीला अर्ध्या तिकिटातच स्वस्त पडतं, मी आकडेमोड केली आहे. वाहकाकडे सुटे नसले तर तो उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून देतो. ही आपली येणे बाकी. उतरण्याआधी वसूल करावी, उतरल्यावर ती महामंडळाला देणगी.

सूचना सातवी: भरती. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट खडकांतून, समुद्राला लागून जाते. ती ओहोटीलाच करायची. भरतीच्या वेळी तिथल्या लाटेने माणसं ओढून नेलेली आहेत, तेव्हा इथे विनोद नाही. वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, म्हणून निघण्याआधी देवळापाशी कुणाला तरी विचारायचंच. आणि स्टँडवर अंधारात उभ्या रिकाम्या गाडीत कोणी "ताई, हीच जाणार" म्हणालं म्हणून चढायचं नाही. चौकशीच्या खिडकीवर विचारायचं, किंवा खाकी कपड्यातल्या वाहकाला. ११२ हा नंबर पाठ असू दे. बस, एवढं आत्या म्हणून. आता पुन्हा परिपत्रक सुरू.

सूचना आठवी: "एकट्याच?" हा प्रश्न लॉजच्या गल्ल्यावर, गाडीत शेजारच्या सीटवर, खाणावळीत वाढताना, असा सर्वत्र विचारला जाईल. लॉजवाला एकट्या माणसाला खोली द्यायला कचरतो, मग ती बाई असो की बुवा. तिथे वाद घालू नये. 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय' अशी पाटी शोधावी आणि अंगणातल्या काकूंशी बोलावं. त्याही "एकटीच?" विचारतील, पण उत्तर ऐकायच्या आत पाण्याचा तांब्या आणतील. रात्रीचं जेवण दुपारीच सांगून ठेवावं. नाही सांगितलं तर काकू उपाशी ठेवत नाहीत, पण मग मासे मिळत नाहीत, पिठलं मिळतं, आणि पिठलं पुण्यातही मिळतं.

गाडीतल्या शेजारणीला मात्र सगळी उत्तरं द्यावीत. आडनाव, गाव, नोकरी. त्या मोबदल्यात ती आपलं उतरायचं ठिकाण आपल्याआधी ओळखते आणि वाहकाला ओरडून गाडी थांबवते. पुढे कुठे मुक्काम आहे, एवढंच सांगू नये.

सूचना नववी: निरोप. दादा स्टँडवर येणार. येऊ नको असं सांगून पाहिलं आहे. तो गाडी फलाटाला लागायच्या आधीच तिच्याबरोबर धावेल आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा धरेल. आरक्षण केलेलं आहे, सीट क्रमांक फोनवर आलेला आहे, तरी रुमाल टाकेल. टाकू द्यावा. साठी उलटली तरी त्याचा नेम चुकलेला नाही, आणि माझ्या कॉलेजच्या गाडीत खिडकीजवळची जागा मला वर्षानुवर्षं त्याच रुमालावर मिळाली आहे.

सूचना शेवटची: संपर्क. यासाठी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढण्यात आला आहे. त्यात आई, बाबा, मी, दोन मावश्या, आजी (फोन नाही, पण नाव आहे) आणि कॅनडातला मामा आहे, जो रोज कोकणात बर्फ पडतो का, याच्या जवळपासचं काहीतरी विचारतो. ग्रुपवर फक्त फोटो टाकावेत, बातम्या टाकू नयेत. "गाडी चुकली" असं लिहिलं की पाच मिनिटांत गुहागरचे आपले लोक जीप काढतात. बातमी एकाच माणसाला, ठरलेल्या एकाच वेळी द्यावी. रात्री आठ ठीक. घाटात आणि खाडीकाठी रेंज जाते, हे आधीच सांगून ठेवावं.

तो माणूस दादाच असू दे. त्याचा फोन पहिल्या रिंगला उचलू नये, त्याला वाटतं काहीतरी झालं म्हणूनच ही फोन हातात धरून बसली आहे. सहाव्या रिंगपर्यंत थांबू नये, तोवर तो डायरी उघडतो. तिसऱ्या रिंगला उचलावा, आणि त्याने काही विचारायच्या आत जेवणात काय होतं ते सांगायला सुरुवात करावी.