नवशिक्यांसाठी अणुकंपन: गार्डन रीच आवृत्ती

कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये, दक्षिण-पूर्व रेल्वेच्या मुख्यालयात बदली होऊन आलेल्या आणि संध्याकाळी करमत नसलेल्या मराठी माणसाला हा छंद उत्तम. जागा मात्र अवघड. १८८४ पासूनचा जहाजबांधणी कारखाना शेजारी, दारावरून गोदीचे ट्रक. इथे जमीनच थरथरते आणि तुम्हाला बिस्मथच्या पातळ थरातले अणू मोजूनमापून हलवायचे आहेत. तेव्हा हवेच्या पायांवर तरंगणारे टेबल आधी बघा. घरमालकाला त्याचे वजन सांगू नका.

लेझरचा स्पंद पन्नासेक फेमटोसेकंदांचा घ्या. बिस्मथमधला अणू एक हेलकावा सुमारे ३४० फेमटोसेकंदांत पुरा करतो. स्पंद त्याहून लांबला तर थर नुसता तापेल. हा प्रकाश अणूंना हातही लावत नाही, इलेक्ट्रॉनांना उठवतो. ते उठले की अणूची स्थिर बसण्याची जागाच बदलते. पंगतीत बसलेल्याखालचा पाट कुणी झटक्यात ओढावा, तशी. मग सगळे अणू एकदम नव्या जागेकडे निघतात, पुढे जातात, मागे येतात, सेकंदाला सुमारे २.९ लाख कोटी वेळा या वेगाने. उष्णतेनेही अणू हलतात, पण ज्याची त्याची चाल वेगळी. इथे सगळे एका तालात, तेही काही पिकोसेकंदच.

डोळ्यांनी बघायला जाऊ नका. ८०० नॅनोमीटरचा झोत जेमतेम दिसतो आणि दृष्टी घालवतो. संरक्षक चष्मा चढवा, अंगठी-घड्याळ काढा. दुसरा, क्षीण स्पंद जरा उशिरा पाठवा आणि थरावरून किती प्रकाश परतला ते मोजा. उशीर करायला आरसा मागे सरकवायचा: ५१ मायक्रॉन सरकला की प्रकाशाला जाऊन-येऊन १०२ मायक्रॉन जास्त चालावे लागते, म्हणजेच एका हेलकाव्याएवढा उशीर. परावर्तनातला फरक साधारण हजारात एखादा भाग. निराश व्हायचे असेल तर इथे व्हा.

मोह होऊन लेझरचा जोर वाढवाल. हेलकावे मंदावतील. आणखी वाढवलात तर थराला भोक पडेल. इथवर नवशिके हमखास पोचतात.

याच शहरात, बोबाजारात, रामन यांनी १९२८ साली विखुरलेल्या प्रकाशाच्या बदललेल्या रंगावरून रेणूंची कंपने पकडली, तीही आधी साध्या उन्हावर. तुम्हाला उन्हावर भागणार नाही. फेमटोसेकंद लेझर सॉल्ट लेकच्या सत्येंद्रनाथ बोस केंद्रात आहे. अर्ज तिकडे करा, आणि टेबलाची ऑर्डर आजच रद्द करा.