उतारावरचं येणं

मराठी माणूस गाडीबद्दल बोलू लागला की नकळत गोठ्यात शिरतो. नव्या गाडीचा रंग, तिची डिकी, तिच्या दिव्यांची तिरकी नजर हे सगळं मागाहून. आधी तो बॉनेटवर तळवा ठेवतो, म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि हलक्या आवाजात विचारतो, "किती देते?" मालकही मग धारेचा आकडा सांगावा तशी मनातल्या मनात दोनची भर घालून म्हणतो, "हायवेला वीस. गावात सोळा-सतरा कुठे गेले नाहीत." खरं पाहता गाडी काहीच देत नाही. ती घेते. पेट्रोल घेते, हप्ता घेते, वर्षाला विमा घेते आणि मधूनच एखाद्या पावसाळ्याच्या तोंडाशी चार नवे टायरही मागून घेते. तरी भाषेने तिला क्रियापद बहाल केलं ते दात्याचं. आमच्या घरात मात्र हा दावा कधीच तपासल्यावाचून चालला नाही, कारण आमच्या घरात अण्णा होते आणि अण्णांची वही होती.

अण्णा कराडला पाटबंधारे खात्यात हिशेब लिहायचे. कचेरीतून आल्यावर माणसं हातपाय धुतात, चहा घेतात, ओट्यावर बसून रस्ता बघतात. अण्णा घरी येऊनही हिशेबच लिहायचे, फक्त वही बदलायची. लाल कापडाच्या पाठीची ती उभी वही आमच्या चेतक स्कूटरच्या आधी घरात आली. स्कूटरला नंबर लावून माणसं वर्षानुवर्षं वाट पाहत तेव्हाची ही गोष्ट, त्यामुळे आखून ठेवलेली पहिली पानं लग्नाच्या मुलीसारखी बराच काळ ताटकळली. तारीख, मीटर, लिटर, रुपये आणि कडेला एक अरुंद रकाना, 'शेरा'. ते शेरे मला अजून पाठ आहेत. "टायरमध्ये हवा कमी." "वारा समोरून." "ऑइल जास्त पडले असावे." पुढे जुनी मारुती ८०० आली आणि शेऱ्यांना कौटुंबिक रंग चढला. "पाहुणे दोन." "आंब्याच्या पेट्या चार." आणि एका मे महिन्यात अ‍ॅव्हरेज साडेबारावर घसरलं तेव्हा अण्णांच्या किरट्या अक्षरात: "घाट. उलट वारा. शिवाय मामा."

मामा चिपळूणचे, आईचे थोरले भाऊ, देहाने आणि मनाने ऐसपैस. ते बसले की गाडी त्या अंगाला आदराने वाकायची. मामांना या नोंदीचा पत्ता अर्थातच नव्हता. अण्णांच्या मनातही त्यांच्याविषयी किल्मिष नव्हतं. वाऱ्याविषयी तरी कुठे होतं?

चेतकच्या सीटखाली पेट्रोलचा कॉक असे. चालू, बंद आणि रिझर्व्ह. भर रस्त्यात स्कूटर उचकी दिल्यासारखी अडखळली की अण्णांचा हात न बघता खाली जाई, कॉक फिरे आणि स्कूटर पुन्हा सुरळीत चालू लागे. "रिझर्व्हला लागली," एवढंच ते म्हणत. त्या दोन शब्दांत केवढा दिलासा होता! संपलं, पण संपलेलं नाही. आमचं सगळं घरच त्या काळी रिझर्व्हवर चालत असावं. महिन्याच्या पंचविसाव्या तारखेला आईचा हात असाच न बघता तांदळाच्या डब्यात खोल जायचा. रिझर्व्हही संपलं तर स्कूटर एका कुशीवर आडवी करायची, टाकीच्या कोपऱ्यातले चुकार थेंब गोळा व्हायचे, आणि त्या थेंबांवर ती पंपापर्यंत जायची. रुसलेल्या माणसाची समजूत घालावी तसा तो विधी होता. यंत्राशी इतक्या लडिवाळपणे वागण्याची सवय आता मोडली.

मी आता पुण्यात कोथरूडला राहतो. सकाळी चालायला जातो ती खरी वेताळ टेकडी, पण इकडे बरेच जण तिला एआरएआय टेकडी म्हणतात, कारण ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था तिथे वर आहे. जाहिरातीत छापून येणारा अ‍ॅव्हरेजचा आकडा ज्या चाचण्यांतून निघतो, त्या तिथे होतात. चाचणीत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं पळतात, गाडी जागची हलत नाही. किती वेगाने जायचं, कधी थांबायचं, हे आधीच ठरलेलं. समोरून वारा नाही, आंब्याच्या पेट्या नाहीत, "एसी वाढव रे जरा" म्हणणारं कोणी नाही. थोडक्यात, तिथे मामा नसतात. अण्णांच्या वहीतला शेवटचा रकाना तेवढा कोरा ठेवून काढलेला तो आकडा असतो, आणि माझा अनुभव असा की संसारात अ‍ॅव्हरेज खातो तो नेमका तोच रकाना.

हे सगळं ठाऊक असूनही मी विजेवरची गाडी घेतली. हिरव्या पाटीची. सोसायटीत चार्जिंगचा सॉकेट बसवायला परवानगी मिळवण्यात तीन सभा आणि एक वार्षिक स्नेहसंमेलन गेलं, त्याबद्दल इथे लिहीत नाही. बॅटरी तीस युनिटची. एका चार्जिंगमध्ये कागदावर तीनशेच्या वर, रस्त्यावर दोनशेच्या आसपास. खरा बदल झाला तो माझ्या मनःस्थितीत. पेट्रोलचा काटा जुन्या वळणाचा, मोघम बोलणारा होता. "आहे अजून, बघू," एवढंच सांगायचा. इथे टक्के दिसतात, आणि महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला टक्के दाखवू नयेत. पस्तीसच्या खाली आकडा आला की माझ्या पोटात दहावीच्या निकालाचा गोळा येतो. खंबाटकी चढताना तो आकडा झरझर उतरतो तेव्हा मागच्या सीटवर साक्षात गणिताचे मास्तर बसल्यासारखे वाटतात. गाडी चालत असते, थंड हवा येत असते, गाणं लागलेलं असतं, आणि मी मनातल्या मनात नापास होत असतो.

पहिल्यांदा कराडला गेलो तेव्हा वीस टक्क्यांवर पोचलो. अण्णा आता ब्याऐंशीचे. काठी टेकत बाहेर आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि बॉनेटवर तळवा ठेवला. मला प्रश्न ठाऊक होता आणि उत्तर नव्हतं. "अण्णा, हिला लिटर नसतात," मी म्हणालो. "मग काय असतं?" "युनिट." अण्णांचे डोळे लकाकले. युनिट ही त्यांची जुनी ओळख. रात्री नऊला त्यांनी बॅटरी घेऊन विजेच्या मीटरचा आकडा उतरवून घेतला, सकाळी सहाला पुन्हा. एकोणतीस. त्यातून फ्रिज आणि दोन पंख्यांची दोन युनिटं वजा, राहिली सत्तावीस. गाडीच्या पडद्यावर मात्र चोवीसच भरल्याचं दिसत होतं. "तीन गेली कुठे?" मी चाचरत सांगितलं की थोडी वीज वाटेत उष्णता होऊन जाते. मला वाटलं, आता माझी चौकशी लागणार. पण अण्णांचा चेहरा निवळला. "वहनव्यय," ते समाधानाने म्हणाले. कालव्यात सोडलेलं पाणी शेवटच्या शेतापर्यंत सगळं पोचत नाही, वाटेत झिरपतं, उडून जातं. त्याला त्यांच्या खात्यात हा शब्द होता. शब्द सापडल्यावर ती तीन युनिटं त्यांनी माफ केली. "म्हणजे युनिटला सहा देते," ते म्हणाले, आणि क्षणभर त्यांना चेतकची दया आली असावी, कारण चेतक चाळीस द्यायचा. मग त्यांनी युनिटला दहा रुपये धरून पुणे-कराडचा हिशेब मांडला, शेजारी शंभरापलीकडे गेलेल्या पेट्रोलचा मांडला, आणि एका मोठ्या आकड्याशेजारचा तो लहान आकडा बराच वेळ न्याहाळत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही चिपळूणला निघालो. अण्णा पुढे, आई मागे. हा रस्ता मला लहानपणापासून नदीच्या बाजूने माहीत आहे. कराडला प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला समोरासमोर येऊन भेटते, आणि आजोळी जायचं म्हणजे त्या भेटीकडे पाठ करून कोयनेच्या काठाकाठाने उलट वर चढायचं: पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट. धरणाशी अण्णा दर खेपेला तेच सांगत. या नदीची वाट पूर्वेला, पण तिचं पुष्कळसं पाणी इथे बोगद्यात शिरतं, डोंगराच्या पोटातून पश्चिमेला उतरतं, पोफळीला टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीला मिळून समुद्राकडे जातं. १९६२ पासून हे चाललंय. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉट. मला त्या वयात मेगावॉट कळत नव्हते. एवढंच कळलं होतं की आम्ही वरून घाट उतरतो तेव्हा आमच्या खाली, अंधारातून, कोयनेचं पाणीही मामांच्या गावाला निघालेलं असतं.

घाटमाथ्यावर मारुती आली की अण्णा एक गोष्ट करत, जी आज आठवली तरी अंगावर काटा येतो. गाडी न्यूट्रलला टाकत आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करत. "देवाने उतार फुकट दिलाय, त्यावर पेट्रोल कशाला ओतायचं?" हे साफ चुकीचं होतं. न्यूट्रलमध्ये गिअरचा आधार सुटतो, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर हात वर करतात. आई दारावरची कडी घट्ट धरून डोळे मिटायची. एकदम शांतता व्हायची. टायरची सळसळ, दरीतला एखादा पक्षी, आईचं पुटपुटणं. वहीत त्या उतरणीचा शेरा असे, "बिनखर्चाचे." सबंध वहीत आनंदाची म्हणता येईल अशी ती एकच नोंद.

त्या दिवशी माथ्यावर पडद्याने सहासष्ट टक्के दाखवले. मी पाय काढला. आता चाकं मोटरला फिरवू लागली आणि मोटर सायकलच्या डायनॅमोसारखी वीज करू लागली. डायनॅमो लावल्यावर सायकल जड होते, तशी गाडी आपोआप आवरली गेली. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर आकडा सदुसष्ट झाला. "मीटर बिघडलाय तुझा," अण्णा म्हणाले. अडुसष्ट झाल्यावर ते पुढे वाकले. मी समजावलं की चढताना जे खर्च केलं, त्यातलं थोडं उतारावर परत मिळतंय. "मग ही परतफेड झाली, उत्पन्न नव्हे," त्यांनी तत्काळ दुरुस्ती केली. "आणि मुद्दलही पुरं नाही." काही वेळाने म्हणाले, "वजन जास्त असेल तर?" "चढताना जास्त खाते. पण उतारावर परतही जास्त करते." यावर ते गप्प झाले. खाली पोफळीची झाडी दिसायला लागली होती. डोंगराच्या आत या घटकेला नदीही हेच करत होती, आणि आमच्या गाडीच्या बॅटरीत आदल्या रात्री तिची काही वीज आली असेल असं म्हणायचा मला मोह होत होता. पण महाराष्ट्राची बहुतेक वीज कोळशाची. अण्णांसमोर असलं काव्य टिकलं नसतं.

गाडीत तीच जुनी शांतता होती. टायरची सळसळ, एखादा पक्षी. मागून अचानक आईचा आवाज आला, "अहो, घाटात बंद केलीत ना परत?" आरशात बघितलं तर आईने कडी धरली होती.

"मी कुठे चालवतोय?" अण्णा म्हणाले.

"मग त्याला शिकवलंत."

पोफळीला आकडा एकोणसत्तर झाला. अण्णांनी पिशवीतून वही काढली. चाळीस वर्षांत तीत नुसता खर्च होता. उजवीकडे जागा नव्हती, म्हणून त्यांनी शेऱ्याचा रकाना मधोमध उभी रेघ मारून दुभागला आणि वर लहान अक्षरात लिहिलं, 'येणे'. खाली तीन. कोणत्या लेखाशीर्षाखाली धरायचं यावर ते शिरगाव येईपर्यंत विचार करत होते.

चिपळूणला मामा फाटकात उभे होते. वयाने थोडे वाकलेले, बाकी तसेच ऐसपैस. आईला जवळ घेतलं, मला पाठीत धपाटा घातला, आणि मग ते सावकाश गाडीपाशी गेले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "काय भावोजी, किती देते?"

मी तोंड उघडणार तोच अण्णांनी काठी वर करून मला थांबवलं.

"घाटात तीन देते," ते म्हणाले. मग त्यांनी मामांना नखशिखांत न्याहाळलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी आकडेमोड केली, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही बसलात, तर साडेतीन."