निदानकाका

सिंगापुरातील मराठी मंडळींत गणपतीची वर्गणी गोळा करणारे, दुसऱ्याच्या मुलांच्या गुणांची आस्थेने चौकशी करणारे आणि पुण्याचे विमान कोणत्या वारी स्वस्त पडते हे तोंडपाठ सांगणारे असे जे अनेक मान्यवर वर्ग आहेत, त्यांत इतरांच्या मोटारींच्या बिघाडाचे निदान करणाऱ्या निदानकाकांचा वर्ग संख्येने लहान असला तरी दबदब्याने मोठा आहे. आंग मो किओतील आमच्या निदानकाकांची पहिली खूण अशी, की त्यांच्यापाशी स्वतःची मोटार नाही. या नगरात मोटार घेण्यापूर्वी ती दहा वर्षे बाळगण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो. १९९० पासून चालत आलेल्या या शिरस्त्यात २०२३ च्या ऑक्टोबरात लहान मोटारीचा परवानाही एक लाख डॉलरांच्या पलीकडे गेला होता. आणि ‘तेवढ्या रकमेत मी शंभरांच्या मोटारी तपासीन’ हा काकांचा हिशेब गणिताच्या दृष्टीने अगम्य असला, तरी निश्चयाच्या दृष्टीने अभेद्य आहे.

त्यांतही त्यांचा जीव डिझेलवर. ठिणगीवर चालणारे पेट्रोलचे इंजिन त्यांच्या लेखी पोरखेळ. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवा दाबून दाबून इतकी तापवायची, की तीत फवारलेले इंधन आपण होऊन पेटावे. म्हणजे फवारा नेमक्या कोणत्या क्षणी उडाला, यावर सारा प्रपंच. तो क्षण ठरवणारा संगणक स्वतः आंधळा असून दोन साक्षीदारांच्या जबानीवर कारभार हाकतो, हे काका ज्या समाधानाने सांगतात, ते पाहून त्यांनी वकिली करावयाची सोडून अभियांत्रिकी का पत्करली असा प्रश्न पडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक पुरा होतो. क्रँकशाफ्टच्या चाकावर बहुधा साठ दात्यांची जागा असून त्यांतले दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात. ती फट सेन्सरपुढून गेली, की आरंभस्थान कळते. आणि पिस्टन वर आला आहे तो हवा दाबायला की धूर बाहेर लोटायला, एवढा खुलासा कॅमशाफ्टचा सेन्सर करतो. दोघांच्या जबान्या जुळल्या नाहीत, की संगणक पी-००१६ या क्रमांकाची फिर्याद दाखल करून समोर पिवळा दिवा लावतो.

सामान्य मनुष्य तो क्रमांक वाचून मुकाट्याने नवा सेन्सर विकत आणतो. काकांचा खरा संताप येथे. “अरे, ही फिर्याद आहे, निकाल नव्हे! दोन्ही शाफ्टांना जोडणारी साखळी ताणली असेल, दाता सरकला असेल, तार तुटली असेल, नाहीतर साक्षीदारच खोटा असेल. रुजवात घातल्याशिवाय कोणाला फासावर चढवतोस?” हे म्हणणे सोळा आणे खरे आहे, आणि त्यांच्या सहवासातील मुख्य अडचणही तीच आहे. चुकणाऱ्या माणसाला मधेच तोडता तरी येते.

या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेल १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला, आणि तो पडला, त्याने उडी घेतली की त्याला कोणी ढकलले, याचा उलगडा पुढे झाला नाही. या घटनेचा उल्लेख काका दुःखाने नव्हे, आदराने करतात.

गेल्या खेपेस त्यांच्या हाती लागली ती शेजारच्या ब्लॉकातील एका तरुण गृहस्थाची युरोपीय डिझेल मोटार. अॅव्हेन्यू तीनवरच्या गर्दीत इंजिन तापले की गाडी बंद पडे, आणि अर्धा तास निवाली की काही घडलेच नाही अशा चेहऱ्याने सुरू होई. परवान्याचे आठच महिने उरले होते. १ जानेवारी २०२५ पासून नव्या डिझेल मोटारींची नोंदणीच येथे बंद झालेली. तेव्हा सरळ भंगारात द्यावी आणि सरकारकडून काय परतावा मिळतो तो घ्यावा, असे शहाण्यांचे मत पडले. काका उसळले. “आरोपी म्हातारा झाला म्हणून खटलाच काढून टाकायचा?”

मग बहुमजली मोटारतळाच्या चौथ्या मजल्यावर तपास सुरू झाला. सोळा पिनांच्या खोबणीत स्कॅनर बसला, टपालाने मागवलेला दोन वाहिन्यांचा ऑसिलोस्कोप खोक्यातून निघाला, मालकास हुकूम झाला, “स्टार्टर मार, आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या काट्यावर नजर ठेव. इंजिन फिरत असून काटा मेल्यासारखा पडून राहिला, तर क्रँकचा सेन्सर मुका.” काटा एकदा हलला, एकदा हलला नाही. काकांच्या मुद्रेवर जी प्रसन्नता पसरली, ती काकूंनी जेवायला बोलावण्यासाठी केलेल्या तीन फोनांनीही ढळली नाही. “हलतोही आणि हलत नाहीही! याला म्हणतात प्रकरण.” बॉनेटला कान लावून त्यांनी साखळीची सळसळ ऐकली, आम्हालाही ऐकवली, आणि आमच्यापैकी दोघांना ती भिडेखातर ऐकूही आली. ऑसिलोस्कोपवर लहरी उमटेपर्यंत मात्र इंजिन निवाले होते, आणि निवालेल्या इंजिनाची साक्ष निर्दोष.

अखेर मोटार ऑटोपॉइंटमध्ये नेली. औद्योगिक वसाहतीतील या इमारतीत मजल्यामागून मजले गॅरेजेच आहेत. सपाता घातलेला वयस्क चिनी मिस्त्री काकांना अंकल म्हणे, काका त्याला अंकल म्हणत, आणि या परस्पर वडीलकीत साखळीवरील व्याख्यान निर्विघ्न पार पडले. मिस्त्रीने ते ऐकत ऐकतच इंजिन चालू ठेवून तापू दिले, आत हात घातला आणि तारांचा जुडगा बोटांनी इंच-इंच हलवीत गेला. एका जागी इंजिन गपकन थांबले. लोखंडी पट्टीला घासून तारेवरचे आवरण तेवढ्याच ठिकाणी उडाले होते. “वायर लाह, अंकल,” एवढेच निकालपत्र वाचून त्याने तो तुकडा कापला आणि नवा जोडला.

परतताना काका एक शब्द बोलले नाहीत. रात्री नवाच्या सुमारास मालकाच्या दाराची घंटा वाजली.

“गाडी कशी आहे?”

“एकदम ठणठणीत, काका. तुमच्यामुळे—”

“ते असू दे. ती जुनी तार टाकली नाहीस ना? शनिवारी तेवढी परत जोडून घेऊ. बिघाड चालू असतानाच्या लहरी टिपायच्या राहिल्या रे.”