लावणे: एक धातुमीमांसा (दिवेआगर खंड)

विषयप्रवेश. प्रस्तुत प्रबंधाचा विषय क्षुद्र आहे, हे प्रबंधकारास मान्य आहे. तथापि शनिवारी दुपारी साडेबारा वाजता समुद्रकाठच्या दिवेआगर गावात पोचलेल्या माणसाला विचारावे. पोटात भूक, मागे हॉर्न, दोन्ही बाजूंना गडगे आणि ओठांवर एकच प्रश्न: "गाडी कुठे लावू?"

साधने. दिवेआगरचा शके ९८२चा (इ.स. १०६०) ताम्रपट मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. त्यात मोटारी लावण्याविषयी अवाक्षर नाही. यावरून दोन अनुमाने निघतात. एक, तेव्हा जागा मुबलक होती. दोन, प्रश्न तेव्हाही सुटणारा नव्हता, म्हणून कोरणाऱ्याने तांबे वाया घालवले नाही. पुढे १७ नोव्हेंबर १९९७ रोजी एका वाडीत खणताना सोन्याचा गणपती सापडला आणि गाव पर्यटकांच्या नकाशावर आले. इतिहासकारांनी मोटारयुगाचा आरंभ येथून धरावा.

क्षेत्रमापन. एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. पोफळी पावणेतीन मीटरांवर लावतात. सबब एक मोटार म्हणजे सुमारे पावणेदोन पोफळी. माडांमध्ये साडेसात मीटर अंतर असते, म्हणून एका माडाच्या वाट्याच्या जागेत चार मोटारी सहज बसतात. गणिताला हे पटते. नारळाला पटत नाही. सावली पाहून गाडी लावतो तो पाहुणा, वर पाहून लावतो तो गावकरी.

पूर्वपक्ष. पाश्चात्त्य म्हणतात, जागेला भाव लावा. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत १६ जुलै १९३५ रोजी जगातले पहिले पार्किंग मीटर बसले. दर तासाला पाच सेंट. कारण, दुकानांसमोरची जागा दिवसभर नोकरदारांच्याच गाड्या अडवत आणि गिऱ्हाईक वळसे घालून घरी जाई. डोनाल्ड शूप या प्राध्यापकांनी २००५ साली जाडजूड ग्रंथ लिहून सिद्ध केले, की फुकटची जागा फुकट नसते. तिचे पैसे कोणीतरी, कशाततरी भरतच असतो.

उत्तरपक्ष. दिवेआगराला हे ग्रंथाविना ठाऊक आहे. इथे जागेचे मीटर म्हणजे ताट. ज्याच्याकडे जेवाल त्याच्या अंगणात गाडी लावाल, हा अलिखित कायदा. उकडीच्या मोदकांची आगाऊ ऑर्डर हे वस्तुतः जागेचे आरक्षणच. राहिली पुळण. तिथला अंमलदार समुद्र. तो पावती फाडत नाही, ओळख सांगितली तरी ऐकत नाही, आणि त्याचे वेळापत्रक रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते. वाळूत रुतलेली गाडी भरतीला तोंड देत उभी असते, तेव्हा शूपसाहेबांचा सिद्धान्त लाटेलाटेने पटत जातो.

धातुविचार. मराठीत गाडी लावतात आणि झाडही लावतात. क्रियापद एक, काळ भिन्न. लावलेली गाडी रविवारी संध्याकाळी निघते; लावलेली पोफळ धरायला पाच-सात वर्षे घेते. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या. शुद्ध क्षेत्रमापनाने पाहता केवढी जागा मोकळी झाली! भाव लावून गाड्या लावल्या असत्या, तर उत्पन्न पहिल्याच शनिवारी सुरू झाले असते. लोकांनी पोफळीची रोपे लावली. गावाच्या नावातच आगर आहे. त्याचा अर्थ वाडी, वाहनतळ नव्हे.

प्रायोगिक पुरावा. प्रबंधकाराने एका खानावळीच्या अंगणात गाडी लावून जेवण दुसरीकडे घेतले. परतल्यावर पडवीतल्या आजी गाडीबद्दल काहीच बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "उन्हातून आलात, बसा. पान वाढते."

निष्कर्ष. दंड म्हणून एक पूर्ण ताट भरले. सोलकढी दोनदा घेतल्यामुळे गाडीला सूर्यास्तापर्यंत मुदतवाढ मिळाली. निघताना रिव्हर्स घेतला, तशा आजी ओरडल्या, "जपून हो, मागे रोप आहे!"