स्क्रू तेथे हत्यार

सिग्नलला गाडी बंद पडू लागली की शहाण्या माणसापुढे दोन मार्ग असतात: गाडी गॅरेजला टाकणे किंवा विकून टाकणे. प्रस्तुत मार्गदर्शन तिसऱ्या मार्गाने जाणाऱ्यांसाठी आहे. रविवारी दुसऱ्या चहानंतर ‘दोन मिनिटांचं काम आहे, आलोच’ असे घरात जाहीर करून पार्किंगमध्ये उतरणे आणि कार्बोरेटरचा मिक्स्चर स्क्रू स्वतःच्या हाताने फिरवणे, हा तो मार्ग. एप्रिल २०२० नंतरची बीएस-सिक्स मोटारसायकल असणारे इथेच थांबले तरी चालेल. त्यांतल्या बहुतेकांचे पेट्रोल इंजेक्शनने जाते. रविवार घालवायला त्यांना दुसरे काहीतरी पाहावे लागेल.

आधी थोडा सिद्धान्त. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. हे प्रमाण पुस्तकात असते, आणि गाडीने पुस्तक वाचलेले नसते. गाडी नुसती उभ्याने गुरगुरत असताना या मिश्रणाचा शेवटचा हिशेब एका टोकदार स्क्रूच्या हाती असतो. पेट्रोल जास्त झाले की स्पार्क प्लग काजळीने काळा पडतो आणि पीयूसीवाला आधी मशीनच्या आकड्याकडे, मग आपल्या तोंडाकडे बघतो. (माझ्या गाडीच्या वयाच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३.५ टक्क्यांपर्यंत माफ असतो. माझ्या गाडीला ही माफी पुरत नव्हती.) हवा जास्त झाली की प्लग पांढराफटक पडतो, इंजिन तापते आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सर फुटाणे फोडतो. प्लगला दुधाच्या चहाचा रंग आला म्हणजे जमले.

स्क्रू कोणत्या बाजूला फिरवायचा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आरएक्स हंड्रेडसारख्या टू-स्ट्रोक गाडीच्या मिकुनी कार्बोरेटरला असतो तो हवेचा स्क्रू, एअर फिल्टरच्या बाजूचा. तो आवळला की हवा कमी होते, म्हणजे मिश्रणात पेट्रोल वाढते. बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांचा स्क्रू इंजिनच्या बाजूला असतो आणि त्याचे सगळे उलट: सैल केला की पेट्रोल वाढते. सोसायटीतले सल्लागार हा भेद मानत नाहीत. ते खिडकीतून ‘थोडा टाइट कर’ एवढेच सांगतात आणि आत जातात. हाताला सहज लागणारा, मोठ्या डोक्याचा स्क्रू दिसला तर तो हा नव्हे. तो आयडलिंगचा. नवशिके तोच फिरवतात, गाडी जोरात ओरडू लागते आणि काम झाले असे वाटून ते वर जाऊन आंघोळ करतात.

आता हत्यार. मराठी घरात मुळात एकच हत्यार असते आणि ते म्हणजे टेस्टर. तो विजेचा प्रवाह तपासण्यासाठी बनवलेला असला, तरी प्रवाह तपासणे हे त्याच्या आयुष्यातले सर्वांत किरकोळ काम. त्याने खेळण्यातल्या मोटारीची बॅटरी बदलली जाते, रंगाचा डबा उघडला जातो, मिक्सरच्या भांड्याखाली अडकलेली चटणी खरवडली जाते. त्यामुळे त्याच्या टोकाचे दोन्ही कोपरे गोल झालेले असतात. असा टेस्टर पितळी स्क्रूच्या खाचेत घालून जोर केला की स्क्रू जागचा हलत नाही, खाच मात्र रुंद होते. पितळ मऊ असते. हे वाक्य वहीत लिहून ठेवावे.

टेस्टरने न भागल्यास शेजारच्या काकांकडे जावे. त्यांच्याकडे श्रीखंडाच्या डब्यात पाने-पकडी असतात. त्यांतला प्लसचा स्क्रू ड्रायव्हर घेण्याचा मोह होईल, कारण फ्लोट चेंबरचे चार स्क्रू प्लसचे असतात आणि ते आपल्याला उगाचच उघडायचे असतात. इथे थोडे थांबावे लागेल. प्लस आणि प्लस यांत फरक असतो. आपण सर्रास वापरतो तो फिलिप्स. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली त्याची पेटंट मिळाली आणि त्याच वर्षी कॅडिलॅक मोटारीत ते स्क्रू बसू लागले. जास्त जोर लागला की तो खाचेतून वर निसटतो. जपान्यांनी आपला वेगळा जेआयएस प्लस ठरवला. त्याच्या खाचेचा कोन थोडा निराळा, आणि ओळखीसाठी स्क्रूच्या डोक्यावर बहुधा एक बारीक ठिपका. आपल्याकडे १९८०च्या दशकापासून रस्त्यावर आलेल्या शंभर सीसी गाड्यांचे घराणे जपानी. तेव्हा जपानी स्क्रूत अमेरिकी टोक घालून, मराठी माणसाने, एका गुडघ्यावर बसून, पूर्ण ताकद लावली की चारपैकी तीन स्क्रू गोल होतात. चौथा निघतो. तो निघाल्याचा काही उपयोग नसतो.

काका म्हणाले, ‘‘जरा तेल टाक.’’ मी तेल टाकले. त्याने माझे हात घसरू लागले.

यानंतर मुख्य स्क्रूकडे वळून, मोबाइलचा टॉर्च दातांत धरून, मान इंजिन आणि फ्रेम यांच्या फटीत घालावी. इथे बऱ्याच जणांना जीवनातला पहिला मोठा धक्का बसतो: स्क्रूला खाचच नाही. ना प्लस, ना मायनस. खोल नळीत बसलेले एक गुळगुळीत डोके, एका बाजूने कापलेले, इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखे. हा कारखान्याचा विसरभोळेपणा नव्हे. अमेरिकेत १९७८ पासून मोटारसायकलींना धुराचे नियम लागले. कारखान्यात मिश्रण एकदा ठरले की गिऱ्हाईकाने त्याला हात लावू नये, म्हणून तिथे स्क्रूवर पितळी टोपणे ठोकली जाऊ लागली आणि पुढे साध्या हत्याराला दाद न देणारी डोकी आली. थोडक्यात, हा स्क्रू आपल्यासारख्यांचा विचार करूनच बनवलेला आहे. जगात कुणीतरी आपला इतका विचार केला याचा क्षणभर आनंद मानून बाजाराला निघावे.

पुण्यात असाल तर नाना पेठ. तिथे दुचाकीचा एखादा भाग मिळत नाही असे होत नाही. ‘डी आकाराचं पोकळ टोक असलेला लांब ड्रायव्हर’ असे वर्णन केल्यावर पहिल्या दुकानात ‘गाडी कुठली?’ असे विचारतात, दुसऱ्यात ‘कशाला पाहिजे?’, आणि तिसऱ्यात अख्खा कार्बोरेटर काउंटरवर ठेवतात. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जावे. मी तिथून एक बुटका स्क्रू ड्रायव्हर, सायकलचा एक सुंदर जुना पाना आणि पितळी अडकित्ता आणला. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीट आहेच. तिथे हत्यार नक्की मिळेल, पण परतताना तुमच्याजवळ ड्रिल मशीनही असेल. कोल्हापूरकरांनी हा परिच्छेद सोडावा. उद्यमनगरात लेथवरच्या कुणाला चहा पाजला तर तो सळईला भोक पाडून, एक बाजू ठोकून, तासाभरात हत्यार हातात देईल आणि वर विचारेल, ‘‘आणि दोन करू काय?’’

ज्यांना हे काहीच साधत नाही, त्यांच्यासाठी बॉलपेन. पेनाची प्लॅस्टिकची नळी रिकामी करून तिचे टोक मेणबत्तीवर मऊ करावे, थंड इंजिनातल्या स्क्रूच्या डोक्यावर दाबून धरावे आणि निवेपर्यंत हलू नये. या वेळी फोन वाजतो. उचलू नये. नळी निवली की तिच्या टोकाला आतून नेमका ‘डी’ उमटलेला असतो. आधी स्क्रू हलकेच आत नेत फेरे मोजावेत. माझे पावणेदोन भरले. तो आकडा मी भिंतीवर खडूने लिहिला. तळाला टेकल्यावर पुढे आवळू नये, सुईसारखे टोक आतच मोडते आणि मग कार्बोरेटर पेपरवेट म्हणून वापरावा लागतो. त्यानंतर स्क्रू पूर्ण बाहेर काढावा. त्याच्यामागून स्प्रिंग, बारीक वॉशर आणि त्याहून बारीक रबरी रिंग याच क्रमाने येतात आणि पार्किंगमध्ये तीन निरनिराळ्या दिशांना जातात.

पेनाची नळी एवढ्या एकाच कामापुरती जगते. परत बसवायला ती उरत नाही. म्हणून स्क्रू फडक्यात गुंडाळून काकांच्या पकडीत धरावा आणि हॅकसॉच्या पात्याने त्याच्या डोक्यावर सरळ खाच पाडावी. तीन तास मी स्क्रूला बसेल असे हत्यार शोधत होतो. आता हत्याराला बसेल असा स्क्रू तयार झाला, पण घरातल्या एकाही हत्याराला तो बसेना. टेस्टर खाचेपेक्षा जाड, बुटका ड्रायव्हर नळीपेक्षा रुंद. खिशात किल्ली शोधताना तिच्यासोबत नेलकटर हाताला लागला. त्याची कानशीची बारीक पट्टी खाचेत अशी बसली की दोघे जणू एकाच कारखान्यात जन्मले.

रिंग, वॉशर, स्प्रिंग सापडल्यावर पुढची कृती सोपी आहे. स्क्रू तळापर्यंत नेऊन भिंतीवरच्या आकड्याइतका मागे घ्यावा. गाडी दहा मिनिटे चालवून गरम करावी. मग पाव पाव फेऱ्याने पुढेमागे करत आवाज सगळ्यांत भरभर होतो ती जागा कानाने पकडावी आणि तो मघाचा आयडलिंगचा स्क्रू थोडा खाली आणावा. मनगट सायलेन्सरच्या पाइपला एकदा लागतेच. गाडी आता सिग्नलला उभी राहते.

नेलकटर गाडीच्या किल्लीलाच कायमचा राहिला आहे. काल रात्री हिने विचारले, ‘‘अहो, नखं कापायला घरात काही आहे का?’’ मी जुन्या बाजारातला अडकित्ता पुढे केला.