शनिवारकर पाहुण्यांस, नागावच्या वाडीतून

प्रति,
आदरणीय शनिवारकर पाहुणे,
मु. पो. मुंबई, ठाणे, पुणे वगैरे.

विषय : 'अलिबाग आता पूर्वीचं राहिलं नाही' या आपल्या तक्रारीबाबत.
संदर्भ : आमच्या अभिप्राय वहीतलं आपलं पान, सोलकढीच्या डागासकट.

साहेब आणि वहिनी, सप्रेम नमस्कार.

रविवारी घाईघाईत निघताना आपण वहीत लिहून गेलात : 'जेवण छान, पण फार महाग. पूर्वी इथं किती स्वस्त आणि शांत होतं! आता नुसतं लुटतात.' वाचून घरात सगळ्यांना वाईट वाटलं. आईनं तर तेव्हाच विचारलं की लुटून आणलेलं ठेवलंय कुठं, म्हणजे पावसाआधी पडवीचे पत्रे बदलून घेता येतील. शोधूनही काही सापडलं नाही, म्हणून हा खुलासा.

आपला राग वडखळलाच सुरू झाला असणार, याची आम्हाला कल्पना आहे. 12 जानेवारी 2024 ला अटल सेतू खुला झाला, तेव्हा अलिबाग आता मुंबईचं उपनगरच झालं असं जो तो सांगत होता. आम्हीही हुरूप येऊन दोन खोल्यांना रंग काढला. 21.8 किलोमीटरचा पूल, गाडीला एका फेरीचे 250 रुपये, आणि शिवडीहून चिर्ल्याला माणूस बघता बघता उतरतो. पुढे मात्र पेण आहे, वडखळ आहे, पोयनाड आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या रुंदीकरणाला 2011 मध्ये हात लागला, तो अजून निघालेला नाही. सेतूवर वाचवलेला वेळ आपण वडखळ नाक्यावर व्याजासकट फेडता. टोलनाक्यावर घासाघीस चालत नाही, म्हणून ती तुंबलेली घासाघीस कार्ले खिंडीत बाहेर पडते. तिथं रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन बाया बसतात. 2022 मध्ये या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. माळ अशी गुंफलेली असते की आडव्या काठीला टांगली तर कित्येक महिने टिकते. आपण काच चार बोटं खाली करून, एसी न घालवता, त्या बाईला वीस रुपये कमी करायला लावता. मग आमच्याकडे येऊन म्हणता, इथले लोक पैशाला फार हपापलेत हो.

आता पापलेटबद्दल. थाळीचा दर ऐकून वहिनींनी आधी आमच्याकडे पाहिलं, मग ताटातल्या तुकडीकडे, आणि मग साहेबांकडे. चूक कुणाची, हे त्या क्षणी ठरलेलं नव्हतं. 2023 मध्ये शासनानं रुपेरी पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. पद मिळाल्यापासून स्वारी सामान्यांना भेटतच नाही. खरं सांगायचं तर हाताएवढी होण्याआधीच ती जाळ्यात येते, म्हणून मोठी मिळत नाहीत. आणि जी मिळतात ती आमच्या चुलीकडे वळण्याआधी मुंबईचा भाव लावून घेतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. त्या काळात कुणी 'ताजं, आजचं' म्हणून पापलेट वाढलं, तर त्याला नक्की कोणत्या वर्षीचं ते विचारावं.

आणि शनिवार. आपल्याला वाटतं की आपण एका रात्रीचे पैसे देता. तसं नाही, साहेब. सोमवार ते शुक्रवार खोल्यांत आम्ही भात वाळत घालतो. पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद, समुद्राला लाल बावटा, गिऱ्हाईक नाही. पोरानं खोल्यांसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र आषाढ-श्रावण पाळत नाही. तेव्हा आपण शनिवारी जे मोजता, त्यात आमचा मंगळवारही असतो आणि जुलैही. पूर्वी याच किनाऱ्यावरच्या बेने इस्रायली तेल्यांना लोक 'शनिवार तेली' म्हणत, कारण त्या दिवशी त्यांचा घाणा बंद असे. आता अख्खा तालुका उलट्या वारानं चालतो : शनिवारीच घाणा, आणि बैल आम्ही.

पूर्वी असं का नव्हतं, हा आपला प्रश्न रास्त आहे. पूर्वी वाडी पोसायची, पाहुणे वरकड होते. माणशी दर, पडवीत गाद्या, आणि आई जे रांधेल ते. मग 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. संध्याकाळी बाहेर येऊन पाहिलं तर माड आडवे, पोफळी मधोमध मोडलेल्या, आणि कधी नव्हे तो घरातून थेट शेजाऱ्यांचा गोठा दिसत होता. नवी पोफळ लावली तर सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. खोलीला तेवढी लागत नाहीत. म्हणून जिथं माड पडले तिथं खोल्या उभ्या राहिल्या. 'पूर्वी इथं केवढी झाडी होती,' असं आपण ज्या खिडकीतून हळहळत होतात, ती खिडकी एका सुपारीच्या जागेवर आहे.

आपण 'अस्सल अनुभव' मागितलात, त्याची हकिगतही वहीत यायला हवी होती. पोपटी हवी म्हणालात. पोपटी म्हणजे थंडीतला प्रकार : शेतात वाल तयार झाला की मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, वाटलं तर अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मडकं शेतात उपडं घालायचं, भोवती पेंढा आणि काटक्या रचून पेटवायचं, आणि विस्तवाभोवती गप्पा मारत बसायचं. झाली की नाही हे मडक्यावर पाणी शिंपडून आवाजावरून ओळखतात. आपण ती एप्रिलअखेरीस मागितलीत. वाल केव्हाच निघाला, पाला सुकला, असं सांगितल्यावर साहेब म्हणाले, "फ्रोझन मटार टाका, आणि गॅसवर लवकर होईल का? आम्हाला साडेआठला लाइव्ह म्युझिक आहे." आम्ही केली. वहीत तिच्याविषयी 'ओके' असं लिहिलंय. ते मात्र अगदी खरं आहे.

जमिनीचं तर काय सांगावं! 1933 ते 1939 अशी सहा वर्षं चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी, नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली, खोतांच्या जमिनीत नांगर घातला नव्हता. असा लांबलेला शेतकरी संप देशात दुसरा सांगतात का कुणी? कसणाऱ्याला जमीन मिळावी म्हणून आजोबा उपाशी राहिले. नातवानं ती गुंठ्यावर विकली, बुलेट घेतली, आणि आता तिथल्याच बंगल्यावर तो केअरटेकर आहे. आजोबाच्या शेतात त्याला महिन्याचा पगार मिळतो, हीसुद्धा प्रगतीच. बंगल्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पोहण्याचा तलाव आहे, आणि तो भरायला टँकर येतो तेव्हा बाजूच्या आळीतल्या बाया हंडे घेऊन टँकरला वाट करून देतात.

दुसऱ्या घराच्या हौसेबद्दल आम्ही कुणाला नावं ठेवत नाही. 1930 मध्ये सलीम अलींनी इथंच किहीमला सुगरणीची घरटी पाहून नोंदवलं होतं की नर एक घरटं अर्धं विणतो, मादीनं येऊन ते पसंत केलं की पुरं करतो, आणि लगेच दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो. फरक इतकाच की सुगरण भरतीरेषेचा नियम मोडत नाही. त्याच किहीममध्ये नीरव मोदी यांचा बंगला 2019 च्या मार्चमध्ये सुरुंग लावून पाडावा लागला.

शांततेविषयीही आपली तक्रार आहे. मुंबईतल्या विजेच्या ट्रामनं चुंबकाच्या सुया हलतील, म्हणून कुलाब्याची भूचुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली आणि 1904 पासून इथं नोंदी सुरू झाल्या. एवढं हे गाव शांत होतं. शनिवारी रात्री आपल्या मित्रमंडळींनी गाडीची डिकी उघडून जो स्पीकर लावला, त्यानं सुया हलल्या की नाही हे शास्त्रज्ञ सांगतील. आमची गाय मात्र दोन दिवस दूध आखडून उभी होती.

राग मानू नये. एके काळी मुंबईत कुणाला बावळट म्हणायचं तर 'अलिबागसे आया है क्या?' असं विचारत. इथल्या एका रहिवाशानं त्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. 2019 मध्ये न्यायालयानं, असे विनोद साऱ्यांवरच होतात, म्हणून याचिका फेटाळली. आता सोमवारी ऑफिसात तोच प्रश्न आला की आपण छाती फुगवून हो म्हणता. आमची ही बढती आपल्यामुळेच झाली.

तेव्हा विनंती एकच : पुढच्या खेपेस मंगळवारी या. दर निम्मा. बांगडा, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. आईला बोलायला वेळ असेल. ती चक्रीवादळाची गोष्ट सांगते, ती ऐकण्यासारखी आहे. रजा मिळत नसेल तर शनिवारी या, पण मग वहीत काही लिहू नका.

आपला नम्र,
एक वाडीवाला, नागाव

ता. क. : 2024 च्या डिसेंबरअखेरीस रेवदंड्याच्या वाळूत फेरारी रुतली, ती शेवटी बैलगाडीनं ओढून काढावी लागली, हे आपण मोबाइलवर पाहिलं असेलच. आपणही गाडी किनाऱ्यावर उतरवण्याआधी आमच्या आळीतल्या बैलजोडीचा दर विचारून घ्यावा. भरती सुरू झाल्यावर विचारला तर दुप्पट लागतो.